८.४९ ला ८.५० म्हणायचं का?

मॅडम, नमस्कार.

मी विद्यापीठात शिकवते, नोकरीचं हे सहावं वर्ष. यंदा पहिल्यांदाच पदवी-पात्रता आणि ऑनर्सच्या छाननी समितीवर माझं नाव लागलं. वाटलं होतं, यादी संगणकानेच काढलेली असते, आपण सह्या करायच्या. पण ४१२ नावांत दोन नावं अशी निघाली की झोप उडाली आहे.

पहिला मुलगा. आमच्याकडे ऑनर्सला, म्हणजे पदवीसोबतच्या विशेष मानाला, सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून ग्रेडची सरासरी) ८.५० लागतो, त्याचा ८.४९ येतो. तो स्वतः कागद घेऊन आला. सहा सेमिस्टरच्या एसजीपीएंची (एकेका सेमिस्टरच्या सरासरीची) बेरीज करून त्याने सहाने भागून दाखवलं, उत्तर ८.५०. मी करून पाहिलं, माझंही ८.५०! विभागप्रमुख म्हणतात, "अहो, एका शतांशाने काय बिघडतंय, द्या ना." त्याचा कागद आणि मार्कशीट सोबत जोडते आहे, नाव झाकून.

दुसरी मुलगी. पदवीला १२० श्रेयांक (क्रेडिट) लागतात, तिचे १२४ झालेत. पण दोन श्रेयांकांचा एक अनिवार्य विषय तिने केलेलाच नाही. ती म्हणते, विभागातूनच तिला त्याऐवजी दुसरा विषय घ्यायला सांगितलं होतं.

दहा दिवसांत यादी विद्या परिषदेकडे जायची आहे. कडक वागले तर पोरांचं नुकसान, सैल सोडलं तर नियमाचं. काय करू?

— सही करताना हात थांबलेली

*

नमस्कार,

आधी त्या मुलाचा कागद पाहू, कारण तुम्ही दोघांनी एकच चूक केली आहे.

त्याचे सहा एसजीपीए असे: ८.३०, ८.३६, ८.७२, ८.४०, ८.४५, ८.७८. बेरीज ५१.०१, भागिले सहा, ८.५०. आकडेमोड चोख आहे. पण सत्रांचे श्रेयांक सारखे नाहीत ना! २०, २२, १८, २०, २२, १८ असे आहेत. त्याची सर्वांत चांगली सत्रं तिसरं आणि सहावं, आणि नेमकी तीच १८ श्रेयांकांची, हलकी. २२ च्या दोन्ही सत्रांत तो ८.५० च्या खाली आहे. सरासऱ्यांची सरासरी काढली की हलकं सत्र आणि जड सत्र एकाच वजनाने मोजलं जातं, आणि त्याचा फायदा इथे त्याला मिळालाय. दुसऱ्या एखाद्या मुलीला याच पद्धतीने तोटाही होईल.

सीजीपीए काढायचा तो प्रत्येक विषयाचे ग्रेड पॉइंट (त्या ग्रेडसाठी ठरलेला अंक) गुणिले त्या विषयाचे श्रेयांक, सगळ्यांची बेरीज, आणि त्याला एकूण श्रेयांकांनी भागून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांतलं सूत्रही श्रेयांकांचं वजन धरणारंच आहे, आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत. मार्कशीटवरून मी सत्रवार मांडून पाहिलं: १६६, १८४, १५७, १६८, १८६, १५८. एकूण १०१९. भागिले १२० केले की ८.४९१६… येतात. संगणक बरोबर आहे.

हे त्या मुलाला समोर बसवून, त्याच्याच कागदाच्या मागच्या बाजूला करून दाखवा. "सिस्टीममध्ये असंच येतं" या उत्तराने कुणाचंही समाधान होत नाही, आणि होऊही नये.

आता तुमच्या विभागप्रमुखांचा शतांश. इथे एक गोष्ट तपासा. नियमावलीत नेमकं काय छापलंय, ८.५ की ८.५०? फरक क्षुल्लक वाटतो, पण त्यावर निकाल फिरतो. ८.५ लिहिलं असेल तर कुणीही म्हणेल की एका दशांशापर्यंत राउंड ऑफ करा, ८.४९ चे ८.५ होतात. ८.५० लिहिलं असेल तर दोन दशांश पाहायचे, आणि मग ८.४९ हा ८.५० पेक्षा कमीच. तुम्ही पत्रात ८.५० लिहिलंय, पण मूळ ठरावाची प्रत काढून वाचा. माहितीपुस्तिकेत छापताना शून्य गळालेलं किंवा वाढलेलं मी पाहिलं आहे. आणि राउंड ऑफ करायचंच तर एकदा, अगदी शेवटी. ८.४४६ चे ८.४५, मग ८.४५ चे ८.५ अशी दोन पायऱ्यांची चढण बऱ्याच तक्त्यांत कुणाच्या लक्षात न येता होते. एक्सेलमध्ये तर रकाना एकाच दशांशावर ठेवलेला असला की ८.४९ असूनही पडद्यावर ८.५ दिसतं, आणि सही करणारा ते पाहून सही करतो.

समजा, ठरावात ८.५०च आहे. मग नाही म्हणायचं का? थांबा. त्याला हवे होते ८.५० गुणिले १२०, म्हणजे १०२०, आहेत १०१९. एक पॉइंट कमी. एका श्रेयांकाच्या एखाद्या विषयात एक ग्रेड वर असती तर तो बरोबर ८.५० वर उभा असता. इतक्या जवळ आलेल्या मुलाच्या बाबतीत सवलत द्यायची की नाही हा प्रश्न दुसरा. त्याआधी विचारायचं ते हे, की त्याची नोंद बरोबर आहे का?

मी परीक्षा विभागात २६ वर्षं काढली. सीमेवरच्या मुलांच्या फायली दयेच्या नजरेने उघडल्या की वाद होतात, तपासणीच्या नजरेने उघडल्या की बऱ्याचदा काहीतरी सापडतं. शोधायच्या जागाही ठरलेल्या आहेत. फेरतपासणीत ग्रेड बदलली, शिक्षकांनी फॉर्मवर सही केली, आणि तो फॉर्म विभागातून परीक्षा शाखेत पोहोचलाच नाही. आजारपणामुळे एखाद्या विषयाला 'अपूर्ण' शेरा होता, नंतर परीक्षा झाली, पण जुना शेरा आपोआप नापास होऊन बसला. पुनर्परीक्षा दिलेला विषय दोनदा मोजला गेला, एकदा जुन्या ग्रेडने आणि एकदा नव्या. दुसऱ्या विद्यापीठातून आणलेले श्रेयांक एकूण बेरजेत धरायचे असतात, पण बहुतेक ठिकाणी त्यांच्या ग्रेड सरासरीत धरत नाहीत. चुकून त्या सरासरीत शिरल्या किंवा भागाकारात नुसते श्रेयांक शिरले. केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल असलेल्या विषयांचंही तसंच: ते १२० मध्ये मोजले जातात पण सरासरीच्या छेदात यायला नकोत. तुमच्या मुलाच्या मार्कशीटवर असा विषय मला दिसला नाही. तुम्ही मूळ नोंदवहीशी ताडून बघा. त्या १२० पैकी एक श्रेयांक जरी छेदातून बाहेर जायचा असेल तर १०१९ भागिले ११९, म्हणजे ८.५६! सवलत मागायचीच गरज नाही.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते, कारण सज्जन माणसं नेमकी इथेच चुकतात. फाइल फक्त त्याचीच काढू नका. ८.४५ पासून ८.५५ पर्यंतच्या सगळ्यांच्या काढा. रेषेच्या खालच्यांची नोंद बारकाईने पाहिली आणि वरच्यांची पाहिलीच नाही, तर सापडलेल्या सगळ्या चुका एकाच बाजूच्या असतील. मग तुमची यादी दरवर्षी थोडी थोडी फुगत जाईल आणि कुणी मुद्दाम केलेलं नसूनही ती पक्षपाती असेल. शिवाय जो मुलगा स्वतः कागद घेऊन आला त्याची फाइल उघडली, आणि जी मुलगी लाजून घरी बसली तिची नाही, हा कुठला न्याय?

वरच्या बाजूला चूक सापडली तर? कुणाचे ८.५१ प्रत्यक्षात ८.४८ निघाले तर? यादी जाहीर व्हायच्या आधी सापडली तर दुरुस्त करायची, वाईट वाटलं तरी. जाहीर झाल्यावर सापडली तर एकट्याने काही करू नका. ते समितीपुढे, लेखी टिपणीसह. दिलेला मान काढून घेणं ही वेगळी कार्यवाही आहे, तिला विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. ती वेळ येऊ नये म्हणून तर हे दहा दिवस.

हे सगळं तपासून नोंद निर्दोष निघाली तर त्याला ऑनर्स नाही. विभागप्रमुखांना शांतपणे सांगा: "सर, ८.४९ ला दिलं तर ८.४८ ला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही टिपणीत लिहून द्या, मी समितीपुढे ठेवते." माझ्या अनुभवात असं लिहून क्वचितच कुणी देतं. आणि समितीच्या बैठकीत सीमेवरच्या मुलांचे तक्ते नावाशिवाय ठेवा, नुसता क्रमांक आणि आकडे. "हा तो गुणी मुलगा" आणि "ती तक्रारखोर मुलगी" या ओळखी समितीच्या खोलीत शिरल्या की नियम बाजूला पडतो.

सहानुभूतीला जागाच नाही असं मी म्हणत नाही. तिची जागा नियमात आहे, आणि ती आधी करून ठेवायची असते. ब्रिटनमध्ये ऑनर्सचे वर्ग ठरलेले आहेत: साधारण ७० च्या वर पहिला वर्ग, ६० ते ६९ दुसऱ्याचा वरचा, ५० ते ५९ दुसऱ्याचा खालचा, ४० ते ४९ तिसरा. पण तिथल्या काही विद्यापीठांनी सीमेजवळच्यांसाठी लेखी नियमच केलेला आहे: वरच्या वर्गापासून ठरावीक अंतराच्या आत असाल आणि तुमचे निम्म्याहून जास्त श्रेयांक वरच्या वर्गातले असतील, तर वर चढवायचं. ही सवलतच आहे, पण चेहरा बघून दिलेली नाही. तुम्हाला हा मुलगा मनाला लागला असेल तर पुढच्या वर्षासाठी असा ठराव मांडा. या वर्षी त्याच्यासाठी नाही.

अमेरिकेतले लॅटिन मान तुम्ही ऐकले असतील, कुम लाउडे, माग्ना कुम लाउडे, सुम्मा कुम लाउडे. म्हणजे प्रशंसेसह, मोठ्या प्रशंसेसह, सर्वोच्च प्रशंसेसह. तिथे काही विद्यापीठं ठरावीक सरासरीची रेषा आखतात, तर काही वर्गातल्या वरच्या ठरावीक टक्क्यांना मान देतात. टक्क्यांच्या पद्धतीत एकाला आत घेतलं की दुसरा बाहेर पडतो, आणि बाहेर पडणाऱ्याचं नावही दिसतं. तुमच्याकडे रेषा आहे, त्यामुळे एकाला दिल्याने कुणाचं काही जात नाही असं भासतं. विभागप्रमुखांना तसंच भासलंय. जातं ते ८.४९ वर थांबून काही न बोललेल्यांचं. चार वर्षांपूर्वीचा एखादा ८.४९ आज कुठेतरी अर्ज भरत असेल, त्याच्या अर्जात ऑनर्सचा रकाना रिकामाच असेल.

आता तुमची दुसरी मुलगी. खरं सांगू, मला तिची काळजी जास्त वाटते. त्या मुलाची पदवी कुठे जात नाही, हिची अडकली आहे.

एकूण श्रेयांक भरले म्हणजे पदवी झाली, हा समज विद्यार्थ्यांत तर असतोच, शिक्षकांतही असतो. १२० ही एक अट आहे. मुख्य विषयाचे इतके, अनिवार्य इतके, वरच्या पातळीचे इतके, आणि त्यातले किमान इतके याच विद्यापीठात केलेले, अशा चार-पाच अटी तिच्या शेजारी उभ्या असतात. एकीकडे शिल्लक पडली म्हणून दुसरीकडचा खड्डा भरत नाही. संगणक सुरुवातीलाच बेरीज हिरव्या रंगात दाखवतो आणि पोरं निर्धास्त होतात.

तरी तिचं प्रकरण बंद झालेलं नाही. प्रथम पाहा, तिला कोणत्या वर्षाची नियमावली लागू आहे. सर्वसाधारणपणे प्रवेशाच्या वर्षाची. तो विषय अनिवार्य झाला केव्हा? ती आल्यानंतर झाला असेल, तर कदाचित तिला लागूच नसेल. लागू असेल, तर विभागातून कुणी काय सांगितलं ते शोधा. "सांगितलं होतं" यावर काही होत नाही. ईमेल, नोंदणीच्या फॉर्मवरची सल्लागाराची सही, त्या सत्राच्या वेळापत्रकात तो विषय शिकवायला ठेवलाच नव्हता याचा पुरावा, असं काही लागतं. शेवटचा मुद्दा अजिबात विसरू नका. विद्यापीठाने विषय ठेवलाच नाही आणि मग तो न केल्याबद्दल मुलीला अडवलं, असं घडतं, आणि त्यात चूक मुलीची नसते.

पुरावा सापडला तर पुढचं काम विभागाचं: केलेला विषय अनिवार्य विषयाला समतुल्य धरावा, असा प्रस्ताव. अभ्यासक्रम ताडून, कारणं लिहून, अभ्यासमंडळाच्या किंवा ज्याला अधिकार असेल त्याच्या मंजुरीने. तुम्ही किंवा कार्यालयातल्या कुणी परस्पर "समजून घेतलं" असं करू नका. कितीही चांगल्या हेतूने केलं तरी पाच वर्षांनी पडताळणीचं पत्र येतं तेव्हा फाइलमध्ये तो कागद नसतो, आणि तेव्हा अडचणीत ती मुलगी येते, तुम्ही नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका अपात्र यादीवर मी सही केली. त्यात एक मुलगा होता, ४२ श्रेयांक, बाकी काही नाही. इतके कमी श्रेयांक असलेला मुलगा अंतिम वर्षाच्या यादीत आलाच कसा, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही, कारण रकाना स्पष्ट होता: अपात्र. मुलाने मध्ये एक वर्ष शिक्षण सोडलं होतं आणि परतल्यावर त्याला नवा नोंदणी क्रमांक मिळाला होता. उरलेले ७८ श्रेयांक जुन्या क्रमांकावर पडून होते. ४२ आणि ७८, बरोबर १२०. तो समारंभाच्या दिवशी आईवडिलांना घेऊन आला तेव्हा हे उघडकीला आलं. वडील काही बोलले नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहिले. तेव्हापासून पात्र यादी मी एकदा वाचायची आणि अपात्र यादी दोनदा, दुसऱ्यांदा दुसऱ्या कुणाकडून तरी. पात्र यादीतली चूक महाग पडते हे खरं, पण तिच्यावर बाकीच्यांची नजर असते. अपात्र यादीकडे कुणी पाहत नाही.

म्हणून तुमच्या यादीत तिसरा रकाना करा, 'प्रलंबित'. ही मुलगी त्यात जाईल. शिस्तभंगाची चौकशी चालू असलेला कुणी असेल तर तोही त्यातच, अपात्रमध्ये नव्हे. ग्रंथालयाची पुस्तकं, फीची थकबाकी हे पात्रतेच्या रकान्यात घालूच नका, त्याला वेगळी खूण. पुस्तक परत केलं नाही म्हणून कुणाची विद्या कमी होत नाही. (हे माझं मत, सगळ्या कुलसचिवांना ते पटत नाही.)

समारंभाच्या पुस्तिकेचं थोडक्यात. ती आधी छापायला जाते, शेवटच्या सत्राचे निकाल नंतर येतात, म्हणून ऑनर्सच्या नावांखाली "अंतिम निकालाच्या अधीन" ही ओळ टाकून घ्या. नंतरची कितीतरी भांडणं त्या एका ओळीने वाचतात.

दोघांनाही लेखी कळवा, आणि आकड्यासह कळवा. "आपण निकष पूर्ण करत नाही" असं मोघम पत्र घरी नेऊन मूल काय करणार? मुलाला लिहा: आवश्यक ८.५०, आपला ८.४९, मोजणी सोबत जोडली आहे, हरकत असेल तर अमुक तारखेपर्यंत. मुलीला लिहा: एकूण १२४, कमी पडतो तो विषय हा, समतुल्यतेचा प्रस्ताव विभागाकडे आहे, मंजूर झाला नाही तर तो विषय पुढच्या कोणत्या सत्रात उपलब्ध आहे. म्हणजे निदान पुढे काय होणार ते तिला कळेल.

आणि पुढच्या वर्षी समितीवर असाल तर छाननी शेवटच्या सत्राच्या नोंदणीआधी एकदा करून घ्या. दोन श्रेयांकांचा विषय राहिलाय हे त्या मुलीला सहा महिन्यांपूर्वी कळलं असतं तर तिने तो सहज घेतला असता आणि तुमचं पत्र मला आलंच नसतं. भारतात आता चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० श्रेयांक, आणि संशोधनासह ऑनर्सला जायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के, अशा अटी आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात आल्या आहेत. म्हणजे सहाव्या सत्रानंतरच पहिली चाळणी लागते. शेवटपर्यंत थांबून आता चालणारच नाही.

तुमच्याकडे दहा दिवस आहेत. त्या मुलाची फाइल दोन तासांत तपासून होईल, त्याला घाई नाही. मुलीचा प्रस्ताव मात्र उद्या सकाळी विभागात द्या, आणि देतानाच विचारा की अभ्यासमंडळाची बैठक विद्या परिषदेच्या आधी आहे की नंतर. नंतर असेल तर अध्यक्षांच्या अधिकारात मंजुरी घेता येते का, ते नियमावलीत पाहा. तसं कलम असलं तर त्याचा क्रमांक प्रस्तावात पहिल्याच ओळीत टाका.